कंपनीचा व्हिडिओ करायचाय? कॅमेऱ्याआधी माणसं जमवा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची, म्हणजे लोखंड वितळवून पार्ट ओतणाऱ्या कारखान्याची, फिल्म माझ्या एडिट टेबलवर होती. शूटिंग झकास झालं होतं. अंधाऱ्या शेडमध्ये लॅडल, म्हणजे रस ओतायचं मोठं भांडं, कलते, लोखंडाचा रस साच्यात पडतो आणि ठिणग्यांचं कारंजं उडतं, असा एक शॉट होता. मी तो अगदी सुरुवातीला लावला. दिग्दर्शक खूश, कॅमेरामन खूश, कंपनीच्या मार्केटिंगचा मुलगाही खूश. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, दाखवायला आम्ही कंपनीत गेलो, तेव्हा मालकांनी भट्टीवरच्या सगळ्यांत जुन्या माणसाला कौतुकानं बोलावून घेतलं. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो. पहिली दहा सेकंदं झाली असतील नसतील, मामा म्हणाले, "ताई, ह्यो शॉट काढा. रस असा उडतोय म्हंजी साचा ओला हाय. गिऱ्हाइकाचा इंजिनिअर बघंल तर काय म्हणंल?"

मामांचं बरोबर होतं. साच्यात ओल राहिली तर तापलेला रस लागताच तिची वाफ होते. ती वाफ रस वर उडवते आणि तिच्यातली काही आतच अडकून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या पार्टमध्ये, पोकळ्या करते. चांगली ओतणी शांत असते, दुधाची धार भांड्यात सोडावी तशी. आम्ही त्या कंपनीच्या कामातला दोष उचलून तिच्याच फिल्मच्या कपाळावर लावला होता. शूटिंगच्या दिवशी मामा तीस फुटांवर दुसऱ्या भट्टीपाशी उभे होते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मी एडिटर आहे. या साखळीत माझा नंबर शेवटचा. कोण हजर नव्हतं, कुणाला विचारायचं राहिलं, कोण उशिरा आलं, ते सगळं माझ्या टाइमलाइनवर उमटतं. अनेक वर्षं हे बघून माझं एक मत पक्कं झालंय: कंपनीचा व्हिडिओ बिघडतो तो बहुतेक वेळा शूटिंगच्या आधी, टीम जमवतानाच. बाहेरून आलेली टीम बरेचदा चांगली असते. आतली टीम मात्र नसतेच.

व्हिडिओची टीम म्हटलं की कॅमेरा, लाइट, ट्रायपॉड घेऊन टेम्पोतून उतरणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. ती अर्धी टीम. उरलेली अर्धी आधीपासून कंपनीच्या पगारावर आहे. तुम्हीपण या कामात आहात, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नसतं.

पहिला फोन कॅमेरावाल्याला नको

व्हिडिओ करायचं ठरलं की पहिला फोन जातो तो कॅमेरावाल्याला आणि पहिला प्रश्न असतो, "दिवसाचे किती घेता?" त्याच्या आधी एक प्रश्न आपल्या आपण सोडवायचा असतो: ही फिल्म बघणार कोण? कारण माणसं कोण लागतील हे त्या उत्तरावर ठरतं.

त्याच फाउंड्रीचं उदाहरण घ्या. फिल्म जर गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी विभागासाठी असेल, तर त्यांना तपासणी बघायची असते: धातूत काय किती आहे हे सांगणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर नमुना कसा जातो, मापं कशी घेतात, नापास झालेला जॉब, म्हणजे पार्ट, कुठे ठेवतात. मग आपल्या बाजूला क्वालिटी विभागातला माणूस हवाच. तीच फिल्म आयटीआयच्या मुलांना कामावर यावंसं वाटावं म्हणून करायची असेल, तर दोन वर्षांपूर्वी लागलेला एखादा ऑपरेटर पोरगा शोधावा लागतो, जो कॅमेऱ्यासमोर आपल्या भाषेत बोलेल. नव्या कामगारांना सुरक्षा शिकवायची असेल, तर ती मराठीबरोबर हिंदीतही लागते, कारण फाउंड्रीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेली बरीच माणसं असतात. तिथे हिंदी नीट लिहिणारा माणूस लागतो. मराठी मजकुराला हिंदीची टोपी घालून चालत नाही. आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर लावायची असेल, तर त्या गोंगाटात आवाज कुणाला ऐकूच येणार नाही. तिथे निवेदकाचे पैसे वाचवा आणि ग्राफिक्स करणाऱ्याला चार दिवस जास्त द्या.

हे सगळं एकाच फिल्ममध्ये बसवा, असं सांगणारे खूप भेटतात. मग बारा मिनिटांची फिल्म होते आणि ती कुणाचीच नसते. निवेदन निवांत वाचलं तर मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांच्या फिल्मला साडेतीनशे शब्दांच्या आसपास. हातानं लिहिलेलं एक पान. त्या एका पानात चार वेगवेगळ्या लोकांशी बोलता येत नाही.

आतली माणसं

आतल्या टीममध्ये चार जबाबदाऱ्या असतात. मोठ्या कंपनीत त्या चौघांकडे असतील, छोट्या वर्कशॉपमध्ये दोघांतच भागतील. पण प्रत्येक जबाबदारीवर कुणाचं तरी नाव पाहिजे.

पहिला, होकार देणारा. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या घरच्या असतात. वडिलांनी उभी केलेली, मुलगा चालवतो, काका हिशेब बघतात, सूनबाईंकडे एक्सपोर्ट. फिल्म सगळ्यांनाच दाखवली जाते, दाखवायलाच हवी. प्रश्न येतो तो नंतर. काका म्हणतात लोगो मोठा करा, मुलगा म्हणतो लोगो नकोच, वडील म्हणतात सुरुवातीला गणपती हवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस मेसेज येतात आणि मी कुठला ऐकायचा? यावर माझ्या अनुभवात एकच उपाय चालतो: सूचना सगळ्यांच्या, होकार एकाचा. तो एक माणूस सगळ्यांचं ऐकून घेतो, आपसात मिटवतो आणि आमच्याकडे एकच कागद पाठवतो. त्यावर असं लिहिलेलं असतं: १ मिनिट १२ सेकंद, मशिनचं नाव चुकलंय, २ मिनिटं ५ सेकंद, हा माणूस आता आपल्याकडे नाही, शॉट बदला. असा कागद आला की माझं दोन दिवसांचं काम दोन तासांत होतं. "जरा जिवंत करा" अशी सूचना आली की मी दिवसभर अंदाज बांधत बसते.

होकार देणारा माणूस संहिता लिहून झाल्यावर पहिल्यांदा हवा, फिल्म झाल्यावर नाही. कागदावरचं वाक्य बदलायला एक मिनिट लागतं. तेच वाक्य शूट होऊन, निवेदन ध्वनिमुद्रित होऊन, ग्राफिक्स चढल्यावर बदलायचं तर तीन माणसांना परत बोलवावं लागतं. मोठे साहेब फार कामात आहेत, त्यांना शेवटी एकदाच दाखवू, असं ज्या ज्या वेळी ठरलं त्या त्या वेळी काम पुन्हा करावं लागलेलं मी पाहिलं आहे.

दुसरा, जाणकार. म्हणजे आमचे मामा. हा माणूस हुद्द्यानं मोठा असेलच असं नाही, बहुतेकदा नसतोच. तो कामात मुरलेला असतो. कुठला आवाज बरोबर, कुठला रंग चुकीचा, कुठल्या क्षणी हात थांबतो हे त्याला माहीत असतं. त्याला शूटिंगभर कॅमेऱ्याच्या मागे, मॉनिटरजवळ उभं करायचं आणि त्या दिवशीच्या कामातून खरोखर मोकळं करायचं. "येताजाता बघून जा" असं सांगितलं तर तो येताजाता भट्टीकडेच बघणार. त्याचं पोट तिथे आहे. म्हणून त्याच्या साहेबांशी आधी बोलून एक दिवसाची बदली ठरवावी लागते. हॉस्पिटल असेल तर वॉर्डातली जुनी सिस्टर, साखर कारखाना असेल तर उसाचा रस आटवणारा पॅनमन, बँक असेल तर काउंटरवरची अनुभवी बाई. प्रत्येक जागी असा माणूस असतो आणि तो कोण हे तिथल्या शिपायालासुद्धा ठाऊक असतं. विचारायचा अवकाश.

तिसरा, जुळवाजुळव करणारा. हे काम सगळ्यांत कमी मानाचं आणि सगळ्यांत जास्त नडणारं. कॅमेरा, लेन्स, लॅपटॉप गेटवर नोंदवून आत न्यावे लागतात, नाहीतर संध्याकाळी बाहेर काढता येत नाहीत. एकदा सिरियल नंबरांची यादी आधी न पाठवल्यामुळे आमचे दोन तास गेटवर गेले आणि सकाळचा कोवळा उजेडही त्यासोबत गेला. क्रेन ऑपरेटर कुठल्या पाळीत आहे, जेवणाची सुट्टी किती वाजता, पाळी बदलताना शेड किती वेळ रिकामी असते, हे सगळं या माणसाला माहीत हवं. भोसरीला शूटिंग असेल तर गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी बोलावलं की मशिनं बंद आणि माणसं घरी. फाउंड्रीत आणखी एक गोष्ट: भट्टीचा विजेचा खर्च मोठा, म्हणून वीज स्वस्त मिळेल त्या तासांत रस काढायचा, असं अनेक ठिकाणी वेळापत्रक असतं. म्हणजे कॉल टाइम, टीमनं हजर व्हायची वेळ, भट्टी ठरवते, कॅमेरामन नाही.

खंडेनवमीचं आवर्जून सांगते. त्या दिवशी मशिनं पुसलेली, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, कामगार चांगल्या कपड्यांत, घरची मुलं कारखाना बघायला आलेली. कंपनीतली माणसं एकमेकांशी कशी आहेत हे वर्षात इतकं सहज दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसत नाही. जुळवाजुळव करणारा माणूस जुना असेल तर तो हे आपण होऊन सुचवतो. नुकता रुजू झालेला असेल तर दसरा उलटून गेल्यावर फोन येतो.

चौथा, काय दिसू नये हे बघणारा. गिऱ्हाइकांच्या पार्ट्सची ड्रॉइंग्ज भिंतीवर लावलेली असतात, रॅकवर त्यांच्या नावाचे खोके असतात, फळ्यावर महिन्याचे आकडे असतात. गुप्ततेचा करार असलेल्या गिऱ्हाइकाचा पार्ट फिल्ममध्ये झळकला तर कंपनी अडचणीत येते. मी एडिटला बसून तो बोर्ड धूसर करू शकते, पण तो झाकायला हवा होता हे मला कळणार कसं? हातमोजे न घातलेला कामगार, वाटेत पडलेली केबल, मुदत संपलेला अग्निशामक हेही याच माणसानं बघायचं. छोट्या कारखान्यात वेगळा सेफ्टी ऑफिसर नसतो, त्यामुळे हे कुणाचंच काम राहत नाही. क्वालिटीच्या माणसाला ते नेमून द्या. त्याची नजर मुळातच दोष शोधणारी असते.

बाहेरची माणसं

आता टेम्पोतून उतरणारी मंडळी. दिग्दर्शक आणि लेखक एकच असला तरी चालतं. छोट्या फिल्मला बरंच म्हणेन. कॅमेरामन आणि त्याचा असिस्टंट, लाइट सांभाळणारा, आवाज घेणारा, आणि जेवण, गाडी, वेळ बघणारा प्रॉडक्शनचा माणूस. पाच-सहा जणांत बहुतेक कंपनी फिल्म नीट होतात. यात कुणाला कुणाशी जोडायचं याबाबत माझा एकच आग्रह आहे: कॅमेरा आणि आवाज एकाच माणसाकडे देऊ नका.

याबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण पैसे कापायची वेळ आली की पहिला बळी साउंड रेकॉर्डिस्टचा जातो. "कॅमेऱ्यालाच माइक आहे की!" आहे, पण तो बोलणाऱ्यापासून आठ फुटांवर आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाईवर येते. साहेबांचा आवाज आठ फुटांचा प्रवास करून क्षीण होऊन पोचतो, आणि कंप्रेसर, पंखे, बाहेरची फोर्कलिफ्ट यांचा आवाज मात्र माइकच्या चहूबाजूंनी भरलेला असतोच. कॉलर माइक तोंडापासून एक वीतभर अंतरावर लावला की हे गणित उलटतं. पण कॉलर माइक सदऱ्याला घासतो, मंगळसूत्रावर वाजतो, मोबाइल जवळ आला तर गुरगुरतो. हे ऐकायला कानाला हेडफोन लावलेला एक माणूस लागतो, ज्याला त्या वेळी दुसरं काहीच काम नाही. कॅमेरामनचे डोळे फोकसवर असतात. त्याला ते ऐकू येत नाही, यात त्याचा दोष नाही.

शहाणा रेकॉर्डिस्ट मुलाखत झाल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट टिपून ठेवतो. बघणाऱ्यांना वाटतं, हा काय वेळ घालवतोय? मला एडिटला दोन वाक्यांमधली फट बुजवायला तीच शांतता लागते, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. गोंगाट काढून टाकणारी सॉफ्टवेअर आता चांगली झाली आहेत हे खरं. पण फार गोंगाट काढायला गेलं की माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. तीस वर्षं खपून कंपनी उभी करणाऱ्या माणसाचा आवाज असा ऐकवणं मला जिवावर येतं.

कॅमेरामन निवडताना त्याच्याकडे कुठला कॅमेरा आहे हे विचारण्यापेक्षा त्यानं कारखान्यात काम केलंय का, हे विचारा. लग्नात उत्तम काम करणारा माणूस शेडमध्ये अडखळू शकतो. एक साधं कारण सांगते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे कारखान्यातले बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवलं तर चित्र स्थिर येतं. कॅमेरा साठाव्या भागावर राहिला किंवा स्लो मोशनसाठी वेग वाढवला, तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. छोट्या मॉनिटरवर ते ध्यानात येत नाहीत. माझ्याकडे मोठ्या स्क्रीनवर दिसतात, आणि तोवर क्रेन खाली आलेली असते, माणसं घरी गेलेली असतात. कारखान्यात मुरलेला कॅमेरामन हे पहिल्या पाच मिनिटांत तपासतो.

कार्ड रिकामी करणारा माणूसही ठरलेला हवा. सेकंदाला १०० मेगाबिटनं रेकॉर्डिंग केलं तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, प्रत्यक्ष चार तास रेकॉर्डिंग म्हणजे ३६० जीबी. ते दोन वेगळ्या डिस्कवर उतरल्याशिवाय आणि उघडून बघितल्याशिवाय कुठलंही कार्ड पुसायचं नाही. हे काम "कुणीतरी करेल" यावर सोडलं की एखाद दिवशी कुणीच करत नाही.

ग्राफिक्सवाल्याबद्दल मराठी माणसांनी विशेष जागरूक राहायला हवं. व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठीची सोय वेगळी चालू करावी लागते. ती केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, "निर्मिती" वाचताच येत नाही. मुंबई-पुण्यातल्या अनेक स्टुडिओंत ग्राफिक्स करणाऱ्याला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे त्याला ते खटकतही नाही. शेवटची फाइल बाहेर पडण्याआधी मराठी नीट वाचणाऱ्या एका माणसानं प्रत्येक अक्षर डोळ्यांखालून घालावं. निम्म्या वेळा मी ते कंपनीच्या अकाउंट्समधल्या एखाद्या ताईंना देते. आकडे तपासायची सवय असलेल्या माणसाला चुका पटकन दिसतात.

आणि एडिटरला आधी बोलवा. हे मी माझ्या फायद्याचं बोलतेय असं वाटेल, पण शूटिंगआधी अर्धा तास संहितेवर बोललं तर कुठल्या वाक्याखाली कुठलं दृश्य लागणार हे तेव्हाच ठरतं. "आमच्याकडे ४० प्रकारच्या तपासण्या होतात" या वाक्यावर दाखवायला एकच तपासणी शूट झालेली असेल, तर टेबलवर बसून मी काही करू शकत नाही.

बाहेरची टीम ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: नमुना म्हणून दाखवलेली फिल्म ज्यांनी केली, तीच माणसं आमच्याकडे येणार का? नमुना एका कॅमेरामनचा आणि दारात उभा दुसराच, असं फार वेळा होतं. नावं कोटेशनमध्ये लिहून घ्या. दुरुस्तीच्या फेऱ्या किती, तेही लिहा. दोन पुरतात, जर आतला होकार एकाचा असेल तर.

ड्रोन, गाणी आणि पैसे

कारखान्याचा वरून शॉट हवा असं प्रत्येकाला वाटतं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नकाशावर हिरव्या दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फुटांवर येते आणि ८ किलोमीटरच्या आत आधी परवानगी घ्यावी लागते. गोकुळ शिरगाव कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाला अगदी लागून आहे. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. म्हणजे ड्रोनवाला घेताना त्याच्याकडे ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि व्यावसायिक कामासाठी लागणारं रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आहे का, आणि सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर तुमची जागा कुठल्या रंगात येते, हे आधी बघा. आमच्या फाउंड्रीत आम्ही ड्रोन सोडून दिला आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीवर चढलो. शॉट चांगला आला.

आवडतं सिनेमातलं गाणं पार्श्वसंगीताला लावायचं तर दोन परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाच्या मालकाची आणि गीत-संगीताच्या हक्कदारांची. त्यापेक्षा परवाना विकत घेतलेलं संगीत किंवा नवं करून घेतलेलं बरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, करून घेणाराच असतो. पण तिच्यातली संहिता आणि संगीत या वेगळ्या कृती आहेत, त्यांचे हक्क लेखी घ्यावे लागतात. त्यात एक बारीक गोष्ट आहे. कलम १९ म्हणतं, करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाईल, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. जर्मनीतल्या प्रदर्शनात फिल्म लावणाऱ्या कंपनीनं संगीतकाराच्या करारात "जगभर" हा शब्द घातलाच पाहिजे. म्हणून आपला नेहमीचा वकील किंवा कंपनी सेक्रेटरी यांनाही अर्ध्या दिवसापुरतं या टीममध्ये धरा.

पैशांबद्दल थोडक्यात. लाइटमन, चहा-पाणी बघणारा स्पॉटदादा, गाडीवाला यांचे पैसे त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात द्यायचे असतात. कंपनीचं बिल मात्र तीन महिने फिरत राहतं. मधला सगळा ताण छोट्या प्रॉडक्शन हाऊसवर येतो आणि पुढच्या वेळी चांगली माणसं येत नाहीत. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु सेवा देणाऱ्याला, २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. तुमच्या अकाउंट्सला हे माहीत आहे. शूटिंगच्या आधीच त्यांना सांगून ठेवा की हे बिल येणार आहे.

सगळ्यांना एकदा भेटवा

दोन्ही अर्ध्या टीम शूटिंगच्या सकाळी पहिल्यांदा भेटू नयेत. आधी एक रेकी हवी, म्हणजे जागेवर जाऊन सगळं बघणं. तीही चालू कारखान्यात, कारण बंद शेड आणि चालू शेड या दोन वेगळ्या जागा आहेत.

मामांनी तो शॉट काढायला लावल्यावर आम्हाला पुन्हा अर्धा दिवस शूटिंग करावं लागलं. या वेळी रेकीला मामाही होते. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती कपड्यांची. कॅमेरा असिस्टंटच्या अंगात टेरिकॉट होतं. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं, म्हणून सगळ्यांनी सुती कपडे आणि चामडी बूट घालून यायचं ठरलं. मग त्यांनी स्पॉटदादाच्या हातातला पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे बघितला. शूटिंगभर सगळ्यांना पाणी पाजत फिरणं हे त्याचं काम, आणि तो ते मनापासून करतो. "दादा, ह्ये हितं न्हाई आणायचं. बाटली रसात पडली तर स्फोट होतोय." पाण्याची जागा शेडच्या बाहेर, कडुनिंबाखाली ठरली. माझ्या अंगावर काटा आला, कारण पहिल्या शूटिंगला तो ट्रे दिवसभर भट्टीपाशी फिरत होता.

नवा शॉट मामांनीच सुचवला. "ठिणग्याच पायजेत नव्हं? मग मॅग्नेशियमच्या टायमाला घ्या." एसजी आयर्न, म्हणजे जास्त चिवट ओतीव लोखंड, करताना रसात मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू मिसळतात. त्या क्षणी डोळे दिपवणारा पांढरा उजेड होतो, पांढरा धूर उठतो, आणि ते व्हायलाच हवं असतं. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरलाही ते ओळखीचं. पण मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटागणिक उतरत जातो, म्हणून त्यानंतर रस लगेच साच्यांत ओतावा लागतो. दुसरा टेक मिळत नाही.

कॅमेरामननं विचारलं, "मामा, उजेड किती होतो?" मामा म्हणाले, "वेल्डिंगसारका. दहा-बारा सेकंद." त्यानं तेवढ्यावरून आधीच एक्स्पोजर खाली आणलं. दिग्दर्शकानं विचारलं, आम्ही कुठे उभं राहायचं? मामांनी खडूनं जमिनीवर एक रेघ ओढली आणि कॅमेऱ्याचे तिन्ही पाय त्या रेघेमागे घेतले. क्वालिटीच्या मॅडमनी मागच्या भिंतीवरचं एक ड्रॉइंग उतरवून ठेवलं. जुळवाजुळव करणाऱ्या मुलानं फोर्कलिफ्ट बाहेरच थांबवली. रेकॉर्डिस्टनं हात वर केला, आवाज चालू. मालक सगळ्यांत मागे, नुसते उभे.

मामांनी लॅडलकडे बघत एक हात वर धरला. तो खाली आला आणि शेड पांढरी झाली. साचे भरणाऱ्या माणसांचे चेहरे, वरची क्रेन, छताचे पत्रे, सगळं एकदम दिसलं आणि परत अंधारात गेलं. मामा मागं वळले नाहीत. ते रसावरची मळी निघतेय का ते बघत होते. शॉट एकदाच झाला, आणि तोच आता फिल्मच्या सुरुवातीला आहे.